राहत्या घराचे भाडे

सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये जयपूरचा पाया घातला, तेव्हा विद्याधर भट्टाचार्याच्या साह्याने रस्ते, चौक आणि बाजारपेठांच्या ओळी यांची आखणी आधी करून घेतली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. शहराभोवती तट होता आणि तटाला दरवाजे होते. तटबंदीच्या शहराला दरवाजांचा उपयोग केवळ संरक्षणापुरता नसतो. माल आत येतो तो दरवाजातून, म्हणून त्यावरची जकातही तेथेच घेता येते. जकातीचा एक गुण असा, की ती आपण दिली हे देणाऱ्याला बहुधा कळतच नाही. धान्याच्या पोत्यावर व्यापाऱ्याने भरलेली रक्कम भावात मिसळून जाते आणि गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात पोचते. घरावरचा कर असा लपत नाही. तो मालकाच्या नावाने, आकड्यासह, थेट दारात येऊन उभा राहतो.

घरपट्टी हा शब्द मराठी माणसाला पेशवाईच्या दप्तरापासून परिचित आहे. परंतु आजच्या नगरपालिकांनी तिच्या आकारणीची जी रीत उचलली ती इंग्लंडातली. तेथे १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोषणासाठी प्रत्येक परगण्यात पट्टी बसवली गेली आणि तिचे माप म्हणून पुढे मालमत्तेचे वार्षिक भाडे रूढ झाले. हे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती येईल, हा त्या आकारणीचा मूळ प्रश्न. घर खरोखरच भाड्याने दिले असेल तर हा प्रश्न सरळ आहे. पण मालक स्वतःच त्यात राहत असेल तर? मग त्याला कधी न मिळालेल्या भाड्यावर कर द्यावा लागतो. हातात पगार येत असतो तोवर ही कल्पना फारशी जाचत नाही. निवृत्तीनंतर पगाराच्या जागी पेन्शन येते, घर तेच राहते, आणि आजूबाजूला वस्ती वाढली की भाडी चढतात. माणसाची मिळकत घटते नेमक्या त्याच वर्षांत त्याचे घर कागदावर श्रीमंत होत जाते.

या तक्रारीचा हिंदुस्थानातील सर्वांत ठळक उच्चार काशीत झाला. कंपनी सरकारने १८१० च्या पंधराव्या रेग्युलेशनाने घरांवर कर बसवला. राहत्या घराला वार्षिक भाड्याच्या शेकडा पाच, दुकानाला शेकडा दहा. काशी म्हणजे उत्तरायुष्य घालवायला आलेल्यांचे नगर. त्यांत मराठी कुटुंबेही थोडी नव्हती. वर्षअखेरीस दुकाने बंद झाली, कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली, आणि हजारो माणसे घरदार सोडून उघड्या मैदानात जाऊन बसली. नगरवासीयांच्या अर्जातला मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी रयतेच्या वडिलोपार्जित वा विकत घेतलेल्या घरावर मालगुजारीचा हक्क कधी सांगितला नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. जमीन पिकते म्हणून तिच्यातला वाटा मागता येतो. राहते घर काय पिकवते? कंपनीला हा कर अखेर मागे घ्यावा लागला.

मुंबईत गोष्ट वेगळ्या वळणावर गेली. कमिशनर आर्थर क्रॉफर्डने शहर सुधारले खरे, पण उधळपट्टीने घरमालक हैराण झाले आणि १८७१ मध्ये करदात्यांची चळवळ उभी राहिली. तिचे फळ १८७२ चा कायदा. वर्षाला पन्नास रुपये पट्टी भरणाऱ्याला मत मिळाले आणि कॉर्पोरेशनाचे निम्मे सभासद अशा करदात्यांनी निवडावेत असे ठरले. काशीकरांनी कर नाकारला, तर मुंबईकरांनी करापोटी खुर्ची मागून घेतली. भाडेकरू आणि मजूर या खुर्चीपासून दूरच राहिले, हेही येथे सांगितले पाहिजे.

जयपुरात नगरपालिका आली ती महाराजा रामसिंहाच्या अमदानीत, १८६८ च्या सुमारास, राजाच्या मर्जीने. १९४९ मध्ये राजस्थान राज्य झाले, जयपूर त्याची राजधानी झाली, आणि सचिवालय व इतर कचेऱ्यांबरोबर कारकून, शिक्षक, अभियंते यांची मोठी वसाहत तटाबाहेर पसरली. १९७० मध्ये गृहनिर्माण मंडळ आणि १९८२ मध्ये जयपूर विकास प्राधिकरण स्थापन झाले. हप्त्याहप्त्याने फेडलेली घरे मानसरोवरासारख्या वसाहतींतून उभी राहिली. हे हप्ते फिटले तेव्हा बहुतेकांची निवृत्ती जवळ आलेली होती. आता मत करावर अवलंबून नव्हते. निवृत्त गृहस्थाजवळ मत होते, वेळ होता, अर्ज लिहिण्याची आयुष्यभराची सवय होती, आणि कॉलनीची विकास समितीही होती. अशा माणसाच्या दारात गृहकराचे बिल पाठवणे कोणत्याही नगरसेवकाला सोपे वाटण्याजोगे नव्हते.

दरम्यान भाड्याच्या मापालाच तडा गेला होता. भाडेनियंत्रणाखालील शहरात कराचे मूल्य कायद्याने ठरलेल्या प्रमाण भाड्यापलीकडे नेता येणार नाही, मग मालक स्वतः राहत असला तरी, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या दिवाण दौलतराय कपूर यांच्या खटल्यात १९७९ अखेर सांगितले. काल्पनिक भाड्याला कायद्याची वेसण बसली आणि अनेक शहरांच्या तिजोऱ्या आक्रसल्या. राजस्थानात १९९८ मध्ये जकातही गेली. तटाच्या दरवाजांशी जोडलेले उत्पन्न संपले आणि तिच्या बदल्यात नगरपालिका राज्याच्या अनुदानाकडे पाहू लागल्या.

मग २००७ मध्ये राजस्थान सरकारने गृहकरच रद्द केला आणि त्याच वर्षी नगरीय विकास कर आणला. भाड्याचा प्रश्न त्यात नाही. क्षेत्रफळ आणि जमिनीचा सरकारी दर यांवर आकारणी होते, आणि तीनशे चौरस गजांपर्यंतचा निवासी भूखंड व दीड हजार चौरस फुटांपर्यंतची सदनिका करमुक्त ठेवली गेली. मंडळाच्या वसाहतीतला पेन्शनर एका फटक्यात मोकळा झाला. पुण्याने याच माणसाला वेगळ्या रीतीने सांभाळले: तेथे १९७० पासून स्वतः राहणाऱ्या घरमालकाला चाळीस टक्के सवलत होती. लेखापरीक्षणाच्या आक्षेपापायी ती पुढे काढून घेतली गेली, थकबाकीची बिले घराघरांत पोचली, आणि २०२३ मध्ये सवलत पुन्हा मिळाली. पुणेकर काही ना काही भरत राहिला. जयपूरचा छोटा घरमालक यादीतूनच बाहेर गेला.

हा फरक दिसतो तेवढा लहान नाही. काशीकरांची तक्रार जयपुराने मान्य केली, पण गज मोजून. तटाच्या आत एखादी जुनी हवेली असते, तिच्यात चार भावांच्या वाटण्या झालेल्या असतात, राहणाऱ्यांपैकी कोणाचीही मिळकत मोठी नसते. क्षेत्रफळ मात्र तीनशे गजांच्या पलीकडे जाते. उलट तटाबाहेर मोक्याच्या रस्त्यावर दोनशे नव्वद गजांवर तीन मजली बंगला उभा राहिला तरी, तो राहण्यापुरताच असेल तर, निवासी कराच्या कक्षेत येत नाही. गजाच्या फुटपट्टीला मालकाचे वय आणि त्याचे पेन्शन दिसत नाही, जसे पूर्वी भाड्याच्या मापाला दिसत नव्हते. आणि करमुक्त झालेला गृहस्थ नळाच्या, गटाराच्या वा दिव्याच्या तक्रारीसाठी नगरसेवकाकडे जातो, तेव्हा त्याच्या हातात मत असते, पट्टीची पावती नसते. मुंबईच्या १८७२ च्या करदात्याजवळ त्या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर होत्या.