हॅण्डल, सेल्फ आणि खानदेशचा उन्हाळा

खानदेशच्या इतिहासात धरणगावचे नाव वारंवार येते, ते बहुधा कापडाच्या, कापसाच्या आणि त्यांच्या वाहतुकीच्या अनुषंगाने येते. इ. स. १६७४ मध्ये इंग्रजांनी येथे वखार घातली. पुढच्याच वर्षी आणि पुन्हा १६७९ मध्ये मराठी फौजांनी या संपन्न कसब्याची लूट केली. कंपनी सरकारच्या अमलात इंग्रज अधिकारी औट्रमने उभारलेल्या भिल्ल पलटणीचे ठाणे येथे झाले. आणि १९०० साली सुरतेहून जळगावकडे येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे गावाला येऊन भिडली, तेव्हा येथील रुईच्या गाठींना समुद्राकडे जाणारी लोखंडी वाट मिळाली. या सर्व घटनांची नोंद दप्तरांत आणि गॅझेटियरांत आहे. परंतु रेल्वेच्या स्थानकापासून आतल्या गावांपर्यंत, तापीपलीकडच्या चोपड्यापर्यंत किंवा दक्षिणेस एरंडोलच्या हमरस्त्यापर्यंत माणसे आणि माल नेणाऱ्या मोटारी ज्यांनी चालत्या ठेवल्या, त्या ड्रायव्हर, क्लीनर आणि बॅटरीवाल्यांची नोंद कोणत्याही कारकुनाने केली नाही. गाडी धावते तेव्हा तिच्या मालकाचे नाव होते. ती उभी राहते तेव्हाच या मंडळींची आठवण होते. म्हणून तिचे उभे राहणे हाच या लेखाचा विषय केला आहे.

पहिल्या मोटारींना बॅटरीची फारशी गरज नव्हती. इंजिनात ठिणगी पाडण्याचे काम मॅग्नेटो करीत असे, आणि इंजिन प्रथम फिरविण्याचे काम माणसाचा दंड करीत असे. गाडीच्या तोंडाशी, बंपरच्या छिद्रातून हॅण्डल आत घालावयाचे, ते दांड्याच्या खाचेत बसल्याची खात्री करावयाची, आणि एका झटक्यात खालून वर ओढावयाचे. या क्रियेतील सर्व विद्या अंगठ्याच्या जागेत होती. काठी धरताना अंगठा स्वाभाविकपणे बोटांच्या विरुद्ध बाजूस जातो. हॅण्डल धरताना तो बोटांच्याच बाजूला ठेवावा लागे. ठिणगीची वेळ मागे घ्यावयास चालक विसरला असेल, तर इंजिन उलटा झटका देई. अंगठा वेढलेला असेल तर हॅण्डल हातातून सुटत नसे आणि मनगटाचे हाड मोडे. अशा एका अस्थिभंगाला वैद्यकाच्या ग्रंथांत आजही मोटारचालकाच्याच नावाने ओळखतात. जुन्या ड्रायव्हरने नव्या क्लीनरला पहिला धडा द्यावयाचा तो अंगठ्याचाच, आणि हॅण्डल वरून खाली दाबू नये हा त्याला जोडून दुसरा. चूक झाली तर ती देहाला भोगावी लागे. त्यामुळे ती सहसा दुसऱ्यांदा होत नसे.

या कष्टातून माणसाची सुटका अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी केली. दुकानातील गल्ल्याचे खण विजेने उघडणारी मोटर त्यांनी पूर्वी तयार केली होती, आणि तेथेच त्यांच्या ध्यानात आले होते की क्षणभरच काम करावयाचे असेल तर लहानशी मोटरदेखील फार मोठा जोर लावू शकते. हेच तत्त्व त्यांनी इंजिनाला लावले, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या बटण दाबताच सुरू होऊ लागल्या. मात्र त्या क्षणभराच्या जोरासाठी शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह एकदम देणारा साठा हवा होता. तो साठा म्हणजे गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केलेला शिसे आणि गंधकाम्ल यांचा संचायक, ज्याला आपण सारे नुसते ‘बॅटरी’ म्हणतो. मनगटावरचे ओझे उतरले, पण त्याच्या जागी एक नवी जबाबदारी आली आणि ती स्मरणशक्तीवर पडली. पूर्वीच्या चालकाचा अपराध अंगठ्याचा असे, नंतरच्याचा विसरण्याचा.

आपल्याकडे हा पालट सावकाश झाला. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि खासगी सर्व्हिस मोटारींचे युग मावळू लागले. १९४७ पासून मुंबईत जुळणी होऊ लागलेली महिंद्रांची जीप सरकारी कचेऱ्यांत आणि बागायतदारांच्या वाड्यांत आली. १९५७ नंतर ॲम्बॅसॅडर आली. या गाड्यांना विजेचा स्टार्टर, म्हणजे ‘सेल्फ’ होता, तरी हॅण्डलही सोबत दिलेले असे, आणि पाहणाऱ्याला ते अविश्वासाचे चिन्ह वाटले तरी मला त्यात मोठे शहाणपण दिसते. त्या काळच्या डायनॅमोचा स्वभावच असा होता की इंजिन मंद फिरत असताना तो बॅटरीत काहीही भरत नसे. रात्री दिवे लावून, बाजारच्या गर्दीतून सावकाश चालणारी गाडी सकाळी सेल्फ घेत नसेल, तर त्यात कुणाचा अपराध होता असे म्हणता येत नाही.

खानदेशात या सर्वांवर आणखी एक अधिकार चालतो, तो सूर्याचा. वैशाखात जळगाव, धरणगाव, अमळनेर या पट्ट्यात पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो, आणि तापलेल्या बॉनेटखाली तो त्याहून कितीतरी वर जातो. तपमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीतील रासायनिक क्षयाचा वेग सुमारे दुप्पट होतो. आम्लातील पाणी उडून जाते, शिशाच्या पट्ट्या उघड्या पडतात, आणि उघड्या भागावर कठीण पांढरा थर धरतो. नवल असे की ही दुखापत त्या वेळी जाणवत नाही. उष्णतेत बॅटरी जोमाने प्रवाह देते, तेल पातळ असते, इंजिन हलके फिरते. पौषातल्या एखाद्या गार पहाटे, तेल घट्ट झालेले आणि रसायन मंदावलेले असताना, तीच बॅटरी प्रथम दगा देते आणि मालक थंडीला दोष देतो. वास्तविक तिचा घात सात-आठ महिन्यांपूर्वीच झालेला असतो. दसऱ्याला गाडी धुऊन तिची पूजा करण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे. त्याच दिवशी बॅटरीची परीक्षा करून घेण्याची रीत पडली, तर निम्म्या गाड्या पहाटे रस्त्यात उभ्या राहणार नाहीत असे मी विश्वासाने म्हणतो.

ही परीक्षा जुन्या बॅटरीवर पाहणे मोठे मनोवेधक असे. सहा घरांची सहा बुचे एकामागून एक निघत. काचेच्या नळीत रबरी फुग्याने आम्ल वर ओढले जाई आणि आतला तरंगक हलत हलत स्थिरावे. आम्लाच्या विशिष्ट गुरुत्वाचा आकडा १.२५ च्या पुढे असला तर घर भरलेले, १.१५ च्या खाली गेला तर उतरलेले. पाच घरे बरी आणि एकच मेलेले निघाले, तर दुकानदार काही न बोलता बूच लावून टाकी. गिऱ्हाइकाला नवी बॅटरी घ्यावी लागणार हे त्या मौनातूनच कळे. आता झाकणबंद बॅटऱ्या आल्या आहेत. त्यांत पाणी घालता येत नाही, म्हणून विजेचा दाब मोजतात. विश्रांतीत असलेल्या सुस्थितीतील बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो.

तथापि या धंद्यातील खरे कौशल्य उपकरणात नसून प्रश्न विचारण्यात आहे. कसलेला बॅटरीवाला आलेल्या माणसाला प्रथम विचारतो, ‘‘भाऊ, सेल्फ मारल्यावर आवाज कसा येतो?’’ दिवे झगझगीत लागतात पण सेल्फ निमूट आहे, तर वायर सुटलेली किंवा स्टार्टरच बिघडलेला. ‘टक-टक-टक’ असा घाईचा आवाज येत असेल, तर बॅटरी उतरलेली. इंजिन जोराने घरघरते पण पेट घेत नाही, तर बॅटरी निर्दोष. मग पेट्रोलचा काटा पाहावा, आणि काटा खोटे बोलत असेल तर टाकी. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत उतावळ्या माणसाने पायाने इतके पेट्रोल पाजलेले असे की प्लगच ओले होत. थोडा वेळ थांबणे एवढाच त्यावर उपाय, आणि घाईत असलेल्या माणसाला नेमका तोच पटत नसे.

उरलेली बहुतेक प्रकरणे विस्मरणाची. पुढचे दोन दिवे मिळून सुमारे दहा अँपिअर खातात. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी त्यांनी चार तासांत रिकामी होते, म्हणजे लग्नाच्या मांडवाबाहेर दिवे लावून सोडलेली गाडी पंगत उठेपर्यंत निष्प्राण झालेली असते. दुसरे कारण त्याहून क्षुल्लक : टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी, आणि तिच्याखाली ढिला झालेला लग. किटलीतले गरम पाणी ओतून, कानशीने घासून, पाना एक वेढा फिरविला की काम होते. अशा कामाचे पैसे मागताना कित्येक कारागीर संकोचतात. मला तो संकोच अस्थानी वाटतो, कारण मोबदला पान्याच्या वेढ्याचा नसून निदानाचा असतो.

गावाने मात्र आपला उपाय कधीच शोधून ठेवला होता, तो म्हणजे धक्का. चावी फिरवून, दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून धरावा. चार माणसांनी पाठीमागून लोटावे. वेग येताच क्लच सोडावा. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांनी हाक मारल्याबरोबर खांदा लावावा, हा खानदेशातील मोटारसंस्कृतीचा अलिखित कायदाच होता. स्वयंचलित गिअरच्या गाडीत हा धक्का निरुपयोगी आहे. आणि विजेवर चालणाऱ्या पंपाच्या नव्या गाड्यांत बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर लोटून इंजिन फिरते, पण त्याला इंधन मिळत नाही. स्वयंचलित गाडीचा दांडा ‘पी’ किंवा ‘एन’वर नसेल तर ती सेल्फच घेत नाही, एवढ्या एका कारणासाठीही कारागिराला शेतापर्यंत बोलावणे जाते. तो जाताना दोन जाड वायरी बरोबर नेतो. तांबड्या वायरीने धनाला धन जोडतो. काळीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋणाला लावतो, आणि दुसरे टोक मेलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावतो, कारण शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन तिने पेट घेऊ शकतो.