आजीने दिलेली प्रत

परवा रात्री बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' पुन्हा ऐकलं. ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांची कथा, दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंदांसाठी बांधलेली. मला जर्मन येत नाही, तरी पहिल्याच कोरसला अंगावर काटा येतो.

१७२७ च्या गुड फ्रायडेला लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये हे प्रथम गायलं गेलं, असं आता मानतात. १७३६ मध्ये बाखने स्वतःच्या हाताने त्याची सुवाच्य प्रत केली, बायबलमधली वचनं लाल शाईने लिहिली. १७५० साली तो गेला आणि हळूहळू ही रचना लोकांच्या विस्मरणात गेली.

पुढे बर्लिनमधल्या एका आजीने आपल्या संगीतवेड्या नातवाला तिची नक्कल भेट दिली. नातू म्हणजे फेलिक्स मेंडेल्सोन! ११ मार्च १८२९ ला, अवघ्या २० व्या वर्षी, त्याने ती बर्लिनमध्ये सादर केली. बरेच भाग गाळले, पण बाखकडे लोक नव्याने पाहू लागले.

थोर कलाकृती आपोआप टिकतात असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. कुणीतरी जपावं लागतं, आणि कुणीतरी गावंही लागतं.

आमच्या कपाटात आईची चिजांची वही आहे. बाखच्या कागदावर सूरही होते, आईच्या वहीत नुसते शब्द. चाली तिच्या गळ्यात, आणि ती आता ऐंशीची. येत्या रविवारी वही घेऊन तिच्यासमोर बसायचं ठरवलंय.