काटा मधोमध आहे, पण इंजिन ऑइलचं काय?

मे महिन्यात लोहा–अहमदपूर रस्त्यावर पारा चाळिशीपार जातो, तरी गाडीचा काटा मधोमधच असतो. तो काटा कूलंटचा. थर्मोस्टॅट आणि पंखा कूलंटला साधारण 90 अंशांजवळ धरून ठेवतात. ऑइलचं तापमान मात्र बहुतेक गाड्यांत दिसतच नाही. सकाळी ते कूलंटच्या मागे असतं, म्हणून काटा वर आला तरी आणखी काही किलोमीटर गाडी दामटू नका. सतत जोरात पळवली की तेच ऑइल 110–120 अंशांपर्यंत जातं, पातळ होतं आणि बेअरिंगवरचा थर कमजोर पडतो. स्पोर्ट्स कारला वेगळा ऑइल कूलर असतो तो याचसाठी.

काटा लाल रेषेकडे सरकला तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावा (हो, लोह्याच्या उन्हातसुद्धा!), गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. दाबाखालचं कूलंट 120 अंशांनाही उकळत नाही. झाकण काढताच दाब सुटतो आणि ते उसळून तोंडावर येतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. अडचणीत बोअरचं पाणी ओतलंत, तर नंतर ते काढून टाका. त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या चोंदतात.