बोगद्यातला डेटा आणि राउटरचं जुनं गृहीतक

ऑक्टोबर २०१२ मध्ये एअरटेलने पुण्यात ४जी सुरू केलं. कोलकाता आणि बंगळुरूनंतर पुणे हे तिसरं शहर. अशा वेळी चर्चा होते ती टॉवर आणि स्पीडची. टॉवरमागच्या राउटरवर काय ताण येतो, हे फारसं कुणी विचारत नाही. आज तेच बघू. रिसर्चचा प्रश्न कसा जन्मतो, हेही त्यातून कळेल.

आधी राउटर. दोन राउटरमध्ये सारख्या क्षमतेच्या चार लिंक आहेत, तर ट्रॅफिक वाटायचा कसा? पाळीपाळीने पॅकेट पाठवली तर ती मागेपुढे पोहोचतात. टीसीपीला वाटतं पॅकेट हरवलं, आणि तो वेग कमी करतो. नोव्हेंबर २००० मधल्या आरएफसी २९९१ आणि २९९२ मध्ये ही चर्चा सापडेल. रूढ उपाय असा: दोन्ही आयपी पत्ते, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल यांचा हॅश काढायचा, एका फ्लोची सगळी पॅकेट एकाच लिंकवर जातात. गृहीतक एवढंच, की वेगळे फ्लो बाहेरूनही वेगळे दिसतात.

आता मोबाइल. तुम्ही कोथरूडहून हडपसरला गेलात तरी फोनचा आयपी पत्ता तोच राहायला हवा. म्हणून जीपीआरएसच्या काळातच जीटीपी हा टनेल प्रोटोकॉल आला. फोनचं पॅकेट आत, त्यावर नवं वेष्टन. वेष्टनावर पत्ते मात्र नेटवर्कमधल्या उपकरणांचे, डेस्टिनेशन पोर्ट २१५२, आणि सोर्स पोर्टही बऱ्याचदा तोच!

गंमत इथेच आहे. ४जीच्या दोन गेटवेंमध्ये हजारो ग्राहकांचा डेटा वाहतो, पण पत्त्यांच्या जोड्या मोजक्याच. हॅश तेच उत्तर देत राहतो. एक लिंक तुडुंब, बाकीच्या मोकळ्या. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबरच होते. ते एकत्र आले तेव्हा अडचण झाली.

उपाय दोन दिशांनी आले. एक, राउटरने जीटीपी हेडरमधला ३२ बिटांचा टीईआयडी वाचून हॅशमध्ये घ्यायचा. दुसरा, पाठवणाऱ्यानेच आतल्या फ्लोनुसार सोर्स पोर्ट बदलायचा. डेटा सेंटरमधल्या व्हीएक्सलॅनने (आरएफसी ७३४८, २०१४) हाच मार्ग सुचवला. पहिल्याच्या मर्यादा नीट लिहून ठेवा: पॅकेटचे तुकडे झाले तर टीईआयडी फक्त पहिल्या तुकड्यात असतो, आणि आयपीसेकने एन्क्रिप्ट केलं तर राउटरला तो दिसतच नाही.

५जीतही बेस स्टेशन ते यूपीएफ जीटीपीच आहे, त्यामुळे विषय संपलेला नाही. लिटरेचर रिव्ह्यू करताना प्रत्येक पेपरला दोन प्रश्न विचारा: याचं गृहीतक कोणत्या साली खरं होतं? आज ते कुठे मोडतं? मग लॅबमध्ये ओपन५जीएस चालवा, वायरशार्कमध्ये २१५२ पोर्ट पकडा आणि किती वेगळे हॅश मिळतात ते स्वतः मोजा. प्रपोजलची पहिली आकृती तिथेच मिळेल.