न्हाणीघरांतील आरसा

न्हाणीघरांतील आरसा पुसणें हें काम घरांतील कोणाहि मुलाकडे सोंपवावें इतकें क्षुल्लक समजलें जातें. परंतु त्या आरशाच्या कडेला जे काळे डाग पडतात ते कितीहि घासले तरी कां जात नाहींत, हें कळण्यास आरशाचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

प्राचीन काळीं आरसा म्हणजे घासून गुळगुळीत केलेला दगड किंवा धातु. अनातोलियांतील चाताल हुयूक येथें ज्वालामुखीच्या काळ्या कांचेचे सुमारें ८००० वर्षांपूर्वींचे आरसे सांपडले आहेत. हडप्पा येथील थडग्यांतहि धातूचे आरसे मिळाले. अशा आरशांत प्रतिबिंब पृष्ठभागावरच उमटे, म्हणून आरसा साफ करणें म्हणजे तो पृष्ठभागच घासणें होय. हवेनें तो काळवंडे आणि पुन्हां उजळावा लागे. जपानांत एदो काळीं (१६०३ ते १८६८) आपल्याकडील कल्हईवाल्याप्रमाणें गांवोगांव हिंडून आरसे उजळून देणारे कारागीर असत. केरळांतील आरन्मुळा येथील धातूचे आरसे आजहि याच जातीचे आहेत. त्यांवर बोट टेकलें तर बोट आणि त्याचें प्रतिबिंब यांत फट दिसत नाहीं.

कांचेच्या आरशांत ती दिसते, कारण तेथें चकाकणारा थर पाठीमागें असतो. ही कला व्हेनिसजवळील मुरानो बेटावर १६व्या शतकांत भरभराटीस आली. सपाट मेजावर कथलाचा अतिशय पातळ पत्रा पसरीत, त्यावर पारा ओतीत, वरून कांच सरकवीत, आणि वजनें ठेवून जादा पारा निथळूं देत. व्हर्सायच्या राजवाड्यांतील १६८४ मध्यें पुरा झालेला आरसेमहाल ३५७ आरशांचा. तेहि याच रीतीचे. त्या महालाचें वर्णन करतांना प्रवासी थकत नाहींत, पण पाऱ्याच्या वाफेंत राबणाऱ्या कारागिरांची आठवण फार थोड्यांस होते. रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानें १७०० मध्यें धंद्यांपासून जडणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. मुरानोचे हे कारागीर पक्षाघातानें व दम्यानें पीडलेले असतात, अशी त्यांत नोंद आहे. जगाला त्याचें तोंड दाखविणाऱ्यांची ही दशा!

सुटका रसायनशास्त्रानें केली. अल्डिहाइडच्या योगानें चांदीच्या क्षारांतून शुद्ध चांदी कांचेवर बसते, हें जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यास १८३५ मध्यें आढळलें, आणि १८५६ मध्यें त्यानें तीवरून आरसे करण्याची रीत बसविली. तरी पाऱ्याची जुनी रीत कारखानदारांनीं लगेच टाकली नाहीं. त्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं.

आजच्या आरशांत कांचेमागें चांदीचा, कांहींत ॲल्युमिनियमचा, नाजूक थर आणि त्यावर संरक्षणासाठीं रंग असतो. पुढून कांच कितीहि पुसली तरी त्या थरास धक्का लागत नाहीं. पण कडेनें पाणी किंवा अमोनिया आंत शिरला, कीं थर खराब होऊं लागतो. न्हाणीघरांत तर वाफ रोजचीच. म्हणून आरशावर कोणताहि द्रव सरळ शिंपडूं नये. मऊ सुती फडकें ओलें करून घट्ट पिळावें, त्यानें कांच पुसावी, आणि कडा, विशेषतः खालची, लगेच कोरड्या कराव्या. क्षारयुक्त पाण्याचे पांढरे ठिपके पाणी घातलेल्या शिरक्यानें निघतात. राख आणि विटकरीची भुकटी तांब्याच्या घंगाळासाठींच ठेवावी; कांचेवर त्यांनीं ओरखडे उठतात. कडेचा काळा डाग मात्र कोणत्याहि फडक्याच्या आवांक्यांतला नाहीं; तो कांचेच्या मागें, थेट चांदींत पडलेला असतो.