पाण्याची पाळी आणि पळणारा

क्रॉस कंट्रीच्या शर्यती थंडीतल्या, अन् रब्बीच्या पाण्याची पाळीही तेव्हाच. १९७९ साली मी तालुक्याच्या क्रीडा मंडळाकडून पळायचो. पहाटे चारला उठून ओढ्याकाठानं, नांगरटीतनं अनवाणी सात-आठ मैल. परत आलो की धारा. शर्यतीच्या आदल्या रात्रीच चारीला पाणी सुटलं. आबा तापानं पडलेले. आई म्हणाली, "तू नीज. दारं मी धरते."

हे जुनंच आहे. १९१९ ला पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती दोराबजी टाटांनी बघितल्या, तर पळणारे शेतकरी, तेही अनवाणी. वेळा मात्र युरोपच्या तोडीच्या. त्यातनंच १९२० ला अँटवर्प ऑलिंपिकला माणसं गेली. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. वेळ, २ तास ५० मिनिटं. पण जिमखान्यावर ते शेतकरी गडी पळत होते, तेव्हा त्यांच्या घरची मोट कुणी हाकली? कुणाची तरी आई असणारच.

मी अकरावा आलो. घरी पोचलो तर आई चिखलाच्या पायांनीच चुलीपाशी झोपलेली. आबा म्हणाले, "पाणी चालू आहे. खालचे दोन वाफे राहिलेत." तसंच खोरं उचललं.