ओढ

ठाकुर्लीच्या फलाटावर तुम्ही अंबरनाथ स्लोची वाट बघताय. गुडघ्याचे टाके कालच काढलेत. पाय दुमडला की नवी कातडी तटतटते. बाजूच्या रुळावरून डेक्कन क्वीन न थांबता धडधडत जाते. तिच्यामागोमाग आधी चोळे पॉवर हाऊस पुसलं जातं, मग १८५४ साली कल्याणला पोचलेले रूळही. उरते पायवाट. घाट चढून तुम्ही पुण्याजवळ पोचता तेव्हा साल १७९३च्या आसपासचं असतं.

समोर कावसजी. नाव पारशी वाटतं, पण इंग्रजी वृत्तांत त्याला मराठा शेतकरी म्हणतो. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२च्या युद्धात टिपूच्या हाती लागला. नाक आणि एक हात गेला. त्याला नाक बसवायला बसलाय विटा पाडणाऱ्या जातीतला एक माणूस. क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर बघताहेत.

तो मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक बेततो, पत्रा सपाट करून कपाळावर ठेवतो, कडेने रेघ ओढतो. तेवढी कातडी सोडवतो. भुवयांमध्ये मात्र एक पट्टी जोडलेली राखतो, रक्त तिच्यातूनच येणार. जुना वण ओला होईपर्यंत तासतो, त्यामागे खाच पाडतो. कातडीला अर्धा वेढा देऊन खाली आणतो आणि कड खाचेत खोचतो. सुईदोरा कुठे दिसत नाही. पानाला लावतात तो कात पाण्यात कालवून फडक्याच्या पट्ट्यांवर फासतो. अशा पाच-सहा पट्ट्या एकीवर एक. चार दिवस तेवढंच. मग तुपात भिजवलेलं फडकं. आणि पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं.

आता कातडीखाली उतरा. इथल्या पेशी भोवतालचे धागे ओढून बघतात. समोरून ताण मिळाला की आणखी जोर लावतात, स्नायूसारख्या आकसतात, आणि नवं कोलॅजन त्या ओढीच्याच दिशेने मांडतात. (या पेशींचं वर्णन संशोधक गाब्बियानींनी केलं १९७१मध्ये.) नव्या नाकाची आतली बाजू उघडी, अस्तर नसलेली. मोकळी सोडली तर आकसून भोकं बुजवणारच. म्हणून दहाव्या दिवशी तो नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे सारतो. मला सगळ्या करामतीत हे बोळे थोर वाटतात: ओढीला उलटा रेटा, तोही चिंधीचा.

पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी तो कापतो. तीन आठवड्यांच्या जखमेला मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्शाचंच बळ असतं, पण रक्ताची वाट एव्हाना नाकातूनच झालेली. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे छापून येतं. विटा पाडणाऱ्याचं नाव त्यात नाही. १८१४मध्ये कार्प्यू नावाचा सर्जन लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया करतो.

भोंगा. अंबरनाथ स्लो फलाटाला लागते. तुम्हाला चौथी सीट मिळते, म्हणजे अर्धंच बूड टेकतं. पाय सरळ ठेवायला जागा कुठली. गुडघा दुमडतो, आणि टाक्यांची गुलाबी रेघ आडवी ताणली जाते.